चुकलेली किक आणि चुकीची किक

मेलबर्नच्या पश्चिमेला विल्यमस्टाउनचं फूटीचं, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, ग्राउंड अगदी समुद्राला लागून आहे, आणि जुलैमधे सकाळच्या वेळी तिथे जो वारा सुटतो तो थेट हाडात शिरतो. त्या वाऱ्यात मी कठड्याला टेकून अंडर-१८ ची मॅच बघत उभी होते. समोर हाफ बॅकला, म्हणजे बचावाच्या फळीत, एक सडपातळ, उंच मुलगा खेळत होता, डाव्या पायाचा, वय असेल सतरा. पहिल्या क्वार्टरमधे त्याच्याकडे तीनदा बॉल आला आणि तिन्ही वेळा त्याने बाउंड्रीच्या कडेने लांब मारून मोकळं व्हायचं सोडून आत, मैदानाच्या मधोमध, तिरका पास टाकायचा प्रयत्न केला. पहिला पास अगदी छातीवर बसला. दुसरा वाऱ्याने उचलला आणि समोरच्या टीमच्या हातात दिला, त्यावर लगेच गोल बसला. तिसरा आपल्या माणसाच्या पुढ्यात टप्पा पडून पोचला, तो बॉल उचलायला वाकला तेवढ्यात त्याला टॅकल केलं. माझ्या शेजारी दोघं उभे होते, त्यातल्या एकाने मोबाइलमधे काहीतरी टिपून घेतलं आणि दुसऱ्याला म्हणाला, बाकी सगळं आहे पोराकडे, पण किक नाहीये. झालं, तीन किकमधे पोराचा निकाल लागला.

ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये माझ्या. मी या भागात चौदा वर्षं राहते, मुलगा ऑसकिकपासून, म्हणजे लहान पोरांच्या फूटीपासून, खेळतोय, शनिवार-रविवार हिवाळाभर कुठल्या ना कुठल्या ओव्हलवर असते, आणि "याला किक नाही" हे वाक्य दहा वर्षांच्या पोरांपासून ड्राफ्टच्या, म्हणजे मोठे क्लब नवी पोरं निवडतात त्या निवडीच्या, उंबरठ्यावरच्या पोरांपर्यंत इतक्या सहज बोललं जाताना ऐकलंय की आता मला वाटतं आपण किक नेमकी बघतो तरी कशी यावर एकदा नीट बोलायला हवं.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याला एमसीजी माहीत आहे ते बॉक्सिंग डे टेस्टमुळे, पण मार्च ते सप्टेंबर ते ग्राउंड फूटीचं असतं, आणि हा खेळ जन्मालाच आला क्रिकेटवाल्यांमुळे. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटर्सचं शरीर सुस्तावू नये म्हणून एक फुटबॉल क्लब काढा, आणि पुढच्याच वर्षी, १८५९ ला, नियम लिहिले गेले. मैदान क्रिकेटचं, लंबगोल. एका टीमचे १८ जण. बॉल दोन टोकांचा. मधल्या दोन खांबांमधून किक गेली की गोल, ६ पॉइंट. बाजूच्या खांबांमधून गेली की बिहाइंड, १ पॉइंट. ऑफसाइड नाही, म्हणजे समोरचा माणूस पुढून, मागून, बाजूने कुठूनही येऊ शकतो. बॉल फेकता येत नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा किंवा पायाने मारायचा. आणि किमान १५ मीटर गेलेली किक कोणी हवेत पकडली तर तो मार्क, मग त्याला कोणी हात लावायचा नाही, शांतपणे पुढची किक मारायची. एवढं कळलं की किक म्हणजे या खेळात काय आहे ते कळतं, सगळा खेळ त्या एका गोष्टीवर चालतो.

एएफएलमधे, म्हणजे या खेळाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधे, १८ क्लब आहेत, टास्मानियाचा एकोणिसावा २०२८ पासून येतोय. दर वर्षी नोव्हेंबरमधे ड्राफ्ट होतो, तळाच्या क्लबला आधी निवडायला मिळतं, आणि त्यातली बहुतेक मुलं अठरा वर्षांची असतात, म्हणजे त्यांच्याबद्दलचं मत बनतं ते सोळा-सतराव्या वर्षी. आपल्याकडे दहावी-बारावीच्या पोरांवर जसा सगळ्या घराचा श्वास अडकलेला असतो तसं ते वर्ष. म्हणून मला यात एवढा जीव अडकवावासा वाटतो.

आता किक. मी आधी समजायचे की पाय जोरात फिरला की किक जाते. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, आयुष्यभर गावच्या टीमचं कोचिंग केलेले, त्यांनी मला एकदा मुलाच्या प्रॅक्टिसला सांगितलं, पायाकडे बघू नकोस, हाताकडे बघ. आणि खरंच, एकदा हाताकडे बघायला लागलं की सगळं दिसायला लागतं. डाव्या पायाचा मुलगा डाव्या हाताने बॉल पायावर सोडतो, उजवा हात आधीच बाजूला निघून जातो. सोडणारा हात कमरेच्या खाली येईपर्यंत बॉल हातात राहिला पाहिजे, कारण हात आणि पाय यांच्यात जेवढं अंतर तेवढा वेळ बॉल हवेत मोकळा, आणि तेवढाच वेळ वाऱ्याला त्याला कलंडवायला मिळतो. बॉलचं खालचं टोक पायाच्या वरच्या टणक भागावर बसलं की बॉल मागच्या बाजूला गरगरत सरळ जातो आणि पकडणाऱ्याच्या हातात मऊ येऊन पडतो. याला ड्रॉप पंट म्हणतात, आज नव्वद टक्के खेळ त्यावरच चालतो असं म्हटलं तरी चालेल. टोक जरा कलंडलं की तोच बॉल गडबडत जातो, अंदाजच येत नाही.

विल्यमस्टाउनच्या त्या मुलाने दुसऱ्या किकला बॉल जवळजवळ छातीच्या उंचीवरून सोडला होता. मी स्पष्ट पाहिलं. वाऱ्यात ते अंगाशी येणारच. तिसऱ्याला पळता पळता शरीर मागे झुकलेलं होतं आणि हात आणि पायात अंतर पडलं. म्हणजे दोन्ही वेळा दोष हाताचा आणि तोलाचा. पण तिन्ही वेळा त्याने जो माणूस शोधला होता तो बरोबर होता! तिन्ही वेळा मधे मोकळा माणूस होता आणि तो पास बसला असता तर समोरची अख्खी बचावाची फळी उघडी पडली असती. पहिल्या वेळी पडलीच.

म्हणून मी म्हणते की चुकलेली किक वेगळी आणि चुकीची किक वेगळी. चुकलेली म्हणजे विचार बरोबर, हात-पाय फसले. चुकीची म्हणजे किक छान गेली, गरगरत, देखणी, पण जिथे मारायला नको होती तिथे. कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला चुकलेली लगेच दिसते कारण बॉल दुसऱ्याच्या हातात जातो आणि सगळे ओरडतात. चुकीची दिसतच नाही. उलट कधीकधी टाळ्या पडतात तिला.

आणि आकडेसुद्धा तिला लपवतात, हे मला जास्त खटकतं. चॅम्पियन डेटा ही कंपनी एएफएलची आकडेवारी ठेवते, त्यांची इफेक्टिव्ह किकची व्याख्या साधारण अशी आहे की ४० मीटरच्या आतली किक असेल तर ज्याच्यासाठी मारली त्याला बॉल राखता आला पाहिजे, आणि ४० मीटरच्या पुढची असेल तर दोन्ही टीमना सारखी संधी असलेल्या झटापटीत जाऊन पडली तरी ती इफेक्टिव्ह. आता विचार करा, सतरा वर्षांच्या पोराला एकदा कळलं की आपला टक्का बघितला जातोय तर तो काय करेल? मागे हाफ बॅकला २० मीटर आडवा पास, तिथे कोणी अडवायला नाही, टिक. कडेने ५० मीटर उंच मारून दिला गर्दीत, टिक. असं दहा वेळा केलं की टक्का झकास, आणि टीम एक पाऊल पुढे गेलेली नाही. जो मुलगा दहातल्या सहा किक मधे टाकतो आणि त्यातल्या दोन हुकतात त्याचा टक्का याच्यापेक्षा कमी येतो. एएफएलच्या वरच्या पातळीवर आता किक किती अवघड होती, दबाव किती होता हे धरून वेगळं रेटिंग काढतात, ते चांगलंच आहे, पण कठड्याशी, पेपरात, ड्राफ्टच्या आधीच्या याद्यांमधे पोरांबद्दल जो आकडा फेकला जातो तो बऱ्याचदा साधा टक्काच असतो.

आकडा कसा फसवतो याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. २००८ ची ग्रँड फायनल. जिलॉंगने ११ गोल आणि २३ बिहाइंड केले, हॉथॉर्नने १८ गोल आणि फक्त ७ बिहाइंड, हॉथॉर्न ११५-८९ ने जिंकलं. नुसता स्कोअर वाचला की वाटतं जिलॉंगने शॉट वाया घालवले. काही घालवलेच, त्यात वाद नाही. पण त्या २३ मधले ११ बिहाइंड जिलॉंगच्या पायाने झालेलेच नव्हते, हॉथॉर्नच्या बचावाने दबावात बॉल मुद्दाम आपल्याच लाइनच्या पलीकडे नेऊन एकेक पॉइंट देऊन टाकला होता, कारण त्यानंतर बॉल पुन्हा त्यांच्याच हातात येणार होता. इतकं झालं की पुढच्या सीझनला त्यावर नियमच आणावा लागला. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या मॅचच्या स्कोअरकार्डातसुद्धा किक न मारता किकच्या खात्यात पडलेले ११ आकडे आहेत, मग एखाद्या गावच्या ओव्हलवर एका पालकाने वहीत ठेवलेल्या नोंदीवरून पोराचा पाय ठरवायचा म्हणजे फारच झालं.

त्याच हॉथॉर्नची दुसरी बाजूही सांगायला हवी. अॅलिस्टर क्लार्कसनच्या त्या टीमने २००८ नंतर २०१३, २०१४, २०१५ अशा सलग तीन प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, घेतल्या आणि त्या टीमची ओळखच किक ही होती, त्यातही डाव्या पायाचे भरपूर खेळाडू, ल्यूक हॉज, लान्स फ्रँकलिन वगैरे. हॉज २००१ च्या ड्राफ्टमधे पहिल्या नंबरवर गेला. पण त्याच ड्राफ्टमधे त्याच क्लबने ३६ व्या नंबरवर सॅम मिचेलला घेतलं. हा मिचेल आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमधे कोणालाच नको होता. तो पळायला मंद. पण त्याला दोन पाय होते, म्हणजे खरोखर दोन, उजव्याने मारलं की डाव्याने हे लांबून बघणाऱ्याला सांगता येऊ नये इतके सारखे. बॉलच्या गर्दीत जिकडे तोंड असेल तिकडच्या पायाने मोकळ्या माणसाला पास, वळायची गरजच नाही, आणि ज्याला वळावं लागत नाही त्याला वेगाची गरज तरी किती? पुढे तो कॅप्टन झाला, २०१२ चं ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, त्याच्या नावावर आहे, आता त्याच क्लबचा कोच आहे. २० मीटरची स्प्रिंट सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येते म्हणून ती मोजली गेली. दुसरा पाय मोजायला कोणाकडे घड्याळ नव्हतं.

मोजायचा प्रयत्न झालाच नाही असं मात्र नाही. ड्राफ्टच्या आधी जे कंबाइन होतं, म्हणजे उंची, उडी, स्प्रिंट, २ किलोमीटरची शर्यत असं सगळं, त्यात काही वर्षं नेथन बकलीच्या नावाची किकिंग टेस्ट होती. बॉल घ्यायचा, वळायचं, कुठलं टार्गेट ते ओरडून सांगणार, त्याच्यावर मारायचा, २०, ३०, ४० मीटर, आणि एकूण ३० पैकी मार्क. बकली कॉलिंगवुडचा कॅप्टन, २००३ चा ब्राउनलो विजेत्यांमधला एक, त्याची किक म्हणजे शाळेत दाखवावी अशी. कल्पना वाईट नव्हती, निदान किकला स्प्रिंटच्या शेजारी जागा तरी मिळाली. पण बघा काय राहिलं त्यातून. टार्गेट हलत नाही. मागून कोणी अंगावर येत नाही. पायात शंभर मिनिटांचा थकवा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे मारायचं ते दुसरा सांगतोय! म्हणजे खेळातला जो सगळ्यात अवघड भाग तोच परीक्षेत आधी सोडवून दिलेला. मुंबईच्या लोकांना सांगायचं तर हे नेटमधल्या बॅटिंगवर मार्क देण्यासारखं आहे. कांगा लीग पावसाळ्यात, ओल्या मातीत खेळवतात ती उगाच नाही, तिथे कोण टिकतो ते बघून तंत्र कळतं.

बरं, मग लोक म्हणतात की किक शिकवता येत नाही, अठराव्या वर्षी जशी असेल तशीच राहते, म्हणून आधीच गाळलेलं बरं. आणि दुसऱ्या टोकाचे म्हणतात की वेग आणि उंची शिकवता येत नाही, किकचं बघू नंतर. मला दोघांचंही पटत नाही कारण दोघंही किकला एकच गोष्ट धरून चालतात. माझ्या मते पाय एक आणि नजर एक. पाय बऱ्यापैकी सुधारतो. आयर्लंडची मुलं बघा. गेलिक फुटबॉलचा बॉल गोल असतो, ती मुलं अठरा-वीस वर्षांची होऊन इथे येतात तोवर त्यांनी दोन टोकांचा बॉल कधी पायावर सोडलेला नसतो. जिम स्टाइन्स १९८४ मधे डब्लिनहून मेलबर्न क्लबकडे आला आणि १९९१ ला त्याने ब्राउनलो घेतलं. त्याच्यानंतर टाइग केनेली २००५ ला सिडनीबरोबर प्रीमियरशिप जिंकला. झॅक टुही तर हाफ बॅकवरून डाव्या पायाने लांब किक मारण्यासाठीच ओळखला जायचा, २०२२ ला जिलॉंगच्या प्रीमियरशिप टीममधे होता आणि आयरिश खेळाडूंमधे सगळ्यात जास्त मॅचेस त्याच्याच. या लोकांनी बॉल ड्रॉप वयाच्या विशीत शिकला. पण पळता पळता मोकळा माणूस कुठे आहे ते बघायची नजर ते लहानपणापासून घेऊन आले होते, त्यांच्या खेळातही तेच लागतं.

उलटंही बघा. सिडनीचा मायकेल डिक्सन, तिथल्या स्वान्स क्लबच्या अकॅडमीतला मुलगा, एएफएलच्या कुठल्याही क्लबने त्याला ड्राफ्ट केलं नाही. तो अमेरिकेत टेक्सस युनिव्हर्सिटीत पंटर म्हणून गेला, म्हणजे त्यांच्या फुटबॉलमधे फक्त बॉल लांब आणि उंच मारून द्यायचं काम, आणि २०१८ ला तिथल्या सिएटल सीहॉक्स या व्यावसायिक टीमने घेतल्यावर पहिल्याच सीझनमधे प्रो बोलला, म्हणजे निवडक बेस्ट खेळाडूंमधे, पोचला. एवढा पाय! तरी इथे त्याला जागा मिळाली नाही आणि मी क्लबांना त्यासाठी दोष देणार नाही, कारण नुसता पाय म्हणजे फूटीतली किक होत नाही. माझा मुद्दाच तो आहे. मग हाच न्याय उलट बाजूने का लावत नाहीत? नुसत्या पायावर एखाद्याला घेत नाही, तर नुसत्या पायावर एखाद्याला काढून टाकायचं कशाला?

नजर म्हणजे काय ते बघायचं असेल तर २०१८ च्या ग्रँड फायनलची शेवटची दोन-तीन मिनिटं परत बघा. वेस्ट कोस्ट मागे होतं. सगळ्यांना आठवतो तो डॉम शीडचा शॉट, उजव्या कोपऱ्यातल्या बाउंड्रीला चिकटून, एवढ्या कमी कोनातून, ७९-७४. पण त्याच्या आधी काय झालं? मॅकगव्हर्नने मागे बॉल हवेत अडवून पकडला, तिथून व्हार्डी, व्हार्डीकडून लियम रायन, रायनने लोकांच्या डोक्यावर चढून मार्क घेतला आणि उतरल्यावर कोपऱ्यात एकटा उभा असलेला शीड शोधला. एक गोल, पण तो बघण्याचा आणि ठरवण्याचा गोल आहे, आणि यातली एकही किक कोणी ओरडून सांगितलेल्या टार्गेटवर मारलेली नव्हती.

अजून एक गोष्ट आहे आणि ती बोलताना मला थोडा रागही येतो. किक म्हणजे प्रत्येक पोराच्या पायाने आजवर किती बॉल मारले त्याचा हिशोब आहे, आणि तो हिशोब सगळ्यांचा सारखा नसतो. पूर्वेकडच्या मोठ्या खाजगी शाळांमधे चार-चार ओव्हल, हिरवळ गालिचासारखी, कोच म्हणून एएफएल खेळलेली माणसं. आमच्या भागात नवी घरं झाली तेवढी मैदानं झाली नाहीत. मुलाच्या टीमला एक पूर्ण हिवाळा अर्धा ओव्हल मिळायचा, तिथेही दोन दिव्यांपैकी एकच चालू, पाच वाजता अंधार, त्यामुळे मुलं २० मीटरपेक्षा लांब किक मारायचीच नाहीत कारण पलीकडचा दिसायचा नाही. त्या मुलांना मोठ्या मैदानात मधला माणूस दिसत नाही म्हणून उद्या कोणी म्हणेल, व्हिजन नाहीये.

मुलींचं तर याहून स्पष्ट आहे. २०१७ ला एएफएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची एएफएल, सुरू झालं तेव्हा टीव्हीसमोर बसून किती लोकांनी त्यांच्या किकला नावं ठेवली. पण बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की मुलींना मुलांबरोबर खेळायची बंदी असायची आणि मुलींची वेगळी टीम गावात नसायचीच, त्यासाठी व्हिक्टोरियात पेनी क्युला-रीड आणि तिच्याबरोबर आणखी दोन मुलींना ट्रायब्युनलपर्यंत जावं लागलं होतं. ज्या वयात पाय तयार होतो त्याच वयात बॉल काढून घेतला. एरिन फिलिप्सचंही तेच झालं, तेराव्या वर्षी फूटी थांबली, ती बास्केटबॉलकडे गेली, तिथे ऑलिंपिकपर्यंत पोचली, आणि तिशीत परत येऊन २०१७ आणि २०१९ ला लीगची बेस्ट खेळाडू झाली. तिचे वडील पोर्ट अॅडलेडचे खेळाडू, घरात बॉल होता, लहानपणी मनसोक्त मारलेला होता. तो पाय वीस वर्षांनीही तिच्याकडे होता. ज्यांच्या घरात बॉल नव्हता त्यांचं काय हा प्रश्न किकला मार्क देणाऱ्याने स्वतःला विचारायला नको का?

क्लबांच्या रिक्रूटर्सना हे सगळं कळत नसेल असं मी म्हणत नाहीये, त्यातले चांगले लोक एकेका पोराच्या वीस-वीस मॅच बघतात, गोलच्या मागच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढून बघतात. आणि देखणी किक महत्त्वाची नाही असंही माझं म्हणणं नाही. विशेषतः सेट शॉट, म्हणजे मार्क वगैरे मिळाल्यावर थांबून गोलवर मारायची किक, जिथे ३० सेकंद मिळतात, कोणी अंगावर येत नाही, तिथे विचाराचा भाग कमी आणि तंत्र आणि मनाचा भाग जास्त, तिथे जर एखादा फॉरवर्ड पुन्हा पुन्हा हुकत असेल तर ती खरंच काळजीची गोष्ट आहे आणि ती वीस वर्षं मैदान गाजवलेल्या लोकांचीही पाठ सोडत नाही. पण म्हणूनच फॉरवर्डचा सेट शॉट आणि हाफ बॅकचा तिरका पास एकाच "किक" या शब्दात कोंबू नका. दोन वेगळी कामं आहेत ती.

मला विचाराल तर करण्यासारखं बरंच आहे आणि फार खर्चाचंही नाही. २ किलोमीटरची शर्यत तशीही पळवताच, ती संपल्यावर दोन मिनिटांत, छाती धपापत असताना, पोराच्या हातात बॉल द्या. समोर तीन जण पळू द्या, त्यातल्या दोघांच्या अंगाला बचाववाला चिकटलेला, तिसरा मोकळा पण अवघड जागी, आणि कोण मोकळा ते दर वेळी बदला. मग दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळे मार्क द्यावेत, एकाने फक्त निवडीला, बॉल सुटल्याबरोबर मान वळवायची आणि पुढे काय झालं ते बघायचंच नाही, आणि दुसऱ्याने फक्त किकला. छप्पर मिटवता येणाऱ्या स्टेडियममधे हे करू नका, वाऱ्यात करा. दुसऱ्या पायाने करायला लावा. आणि पोराने याआधी कुठे, किती वर्षं, कशा मैदानावर प्रॅक्टिस केली ते विचारून त्याच कागदावर लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की अजून वाढायला जागा किती आहे.

आणि याद्या छापणाऱ्यांना एक कळकळीची विनंती, सतरा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे "किक कमजोर" असे दोन शब्द लिहून मोकळे होऊ नका. तो ते वाचतो. त्याची आई वाचते. काय चुकतं ते लिहा, बॉल उंचावरून सोडतो, वाऱ्यात उजवीकडे जातो, असं लिहा. ते वाचून त्याला सोमवारी प्रॅक्टिसला काय करायचं ते तरी कळेल.

त्या मॅचला मी शेवटपर्यंत थांबले. हाफ टाइमला मी कठड्यापासून निघून गोलच्या मागे गेले, कारण बाजूने बघताना बॉल कुठे गेला एवढंच दिसतं, मागून बघितलं की पोरासमोर काय काय मोकळं होतं ते सगळं दिसतं. पाकिटावर दोन रकाने काढले, एक चुकलेल्याचा, एक चुकीच्याचा. उरलेल्या दोन क्वार्टरमधे त्या मुलाने नऊ किक मारल्या. चुकलेल्याच्या रकान्यात दोन रेघा आल्या, दुसरा रकाना कोराच राहिला. चौथ्या क्वार्टरला वारा समोरून होता आणि त्याने आपोआप, कोणी न सांगता, बॉल सोडायचा हात गुडघ्याजवळ आणला होता. ती दोन माणसं तोवर कधीच निघून गेली होती.